परतीचं इंधन

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर मार्चमध्ये एक कागद लागतो. ‘परीक्षा सुरू आहेत. कृपया आवाज करू नये.’ सेक्रेटरी बदलले तरी मजकूर बदलत नाही, कारण तो मीच लिहिलेला आहे आणि त्याच्या झेरॉक्स प्रतीही माझ्याच कपाटात असतात. यंदाचा कागद परवा लावला. चार कोपरे, चार पिना. मग गच्चीवर टाकीचं पाणी बघायला गेलो, तर विचुंब्याच्या घरांवरून एक विमान उतरताना दिसलं. पनवेलजवळचा विमानतळ सुरू झाल्यापासून हे रोजचं झालं आहे. शेजारचे लोक विमानाचा रंग बघतात, कंपनी ओळखतात. मी उतार बघतो. एकोणीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली, असं उतरायचं असतं. परवाचं विमान तसंच उतरत होतं. माझं समाधान झालं आणि मी टाकीचं झाकण लावलं.

हे एकोणिसाला एक मला कुठल्या विमानवाल्याने सांगितलेलं नाही. मी आयुष्यात चार वेळा विमानात बसलो, चारही वेळा प्रवासी म्हणून. पण सत्त्याण्णव सालच्या मार्च-एप्रिलमध्ये, जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, मी निदान शंभर वेळा उतरलो आणि त्याहून जास्त वेळा आपटलो.

परीक्षांचा मोसम बहुतेकांना जागरण आणि पोटात गोळा यासाठी आठवतो. मला तो थंडगार आठवतो. कारण त्या गल्लीत एसी एकाच ठिकाणी होता, तो त्या क्लासमध्ये. बाहेर दुपारी दोनचं ऊन, एसटी स्टँडजवळ ओल्या फडक्याखाली झाकलेले ताडगोळे, डांबर मऊ होऊन चपलेला चिकटतंय, आणि जिना चढून, चपला बाहेर काढून, जाड निळ्या पडद्यातून आत गेलं की एकदम वेगळी हवा. नव्या गालिच्याचा वास, गरम झालेल्या प्लास्टिकचा वास. आठ मशिनं, प्रत्येकापुढे दोन खुर्च्या. तेव्हा एका मशीनवर दोघांनी शिकायचं अशी सगळ्याच क्लासांची पद्धत होती. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बघायचं, अर्ध्या तासाने बदलायचं.

बाकी वर्षभर त्या सोळा खुर्च्या भरलेल्या असत. पण मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं पुस्तकांत जात आणि क्लास ओस पडे. क्लास चालवणारे सावंत सर रविवारी दुपारी एकटेच पेपर वाचत बसलेले असायचे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, तळोज्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. यंत्राचे सुटे भाग व्हर्नियरने मोजायचे, शतांश मिलिमीटरचा फरक सापडला की भाग परत पाठवायचा. चौकशीला म्हणून क्लासमध्ये गेलो, फी ऐकून गप्प बसलो, आणि सरांनी माझी कीव येऊन म्हटलं, “बसा हो. एसीत बसा जरा. हा विमानाचा गेम बघा, कालच टाकलाय.”

तसा मी त्यात पडलो.

त्या गेममध्ये सुरुवातीला एक पान यायचं. त्यावर सगळं निवडता यायचं. इंधन कधीच न संपणारं की मोजकं. गोळ्या अमर्याद की विमानात मावतील तेवढ्याच. जोरात वळल्यावर वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येणार की नाही. उतरणं सोपं की खऱ्यासारखं. सरांनी सगळं सोप्यावर ठेवलं होतं. पहिल्या रविवारी मी शत्रूची तेवीस विमानं पाडली. दुसऱ्या रविवारी एकतीस. तिसऱ्या रविवारी मला कंटाळा आला. एकतीस विमानं पाडून माणूस कंटाळतो, तर दोष विमानांत नाही, मोजमापात आहे, असं माझं मत पडलं. मी ते पान उघडलं आणि एकेक करून सगळं खऱ्यावर नेलं.

पुढचे दोन रविवार मी एकही विमान पाडलं नाही. उडतानाच आपटलो, वळताना अंधारी येऊन आपटलो, उतरताना तर दर वेळी आपटलो. आणि तरी इतका आनंद मला कारखान्यातसुद्धा कधी झाला नव्हता. कारण आता प्रत्येक गोष्टीला कारण होतं. गोळ्या पाचशे अकरा आणि सेकंदाला सुटायच्या शंभर. म्हणजे अख्ख्या लढाईत मिळून पाच सेकंद. पाच सेकंदांत माणूस चहाचा एक घोट घेतो. एवढ्यात काम व्हायचं तर बोट दाबण्याआधी विचार करावा लागतो, समोरचा आहे तिथे नाही तर तो असेल तिथे नेम धरावा लागतो.

मी वही केली. दोनशे पानी, चौकटीची. वळण्याचे आकडे काढले. वेग जास्त असेल तर वर्तुळ मोठं होतं, कमी असेल तर विमान वळायलाच तयार नसतं. मध्ये एक आकडा असतो, तिथे ते सगळ्यात चटकन वळतं. आमच्या विमानाचा तो आकडा साडेचारशे नॉट होता. स्कूटरवाल्याला हे सांगावं लागत नाही, तो प्रत्येक वळणावर न मोजता तेच करतो. दुसरं कळलं ते उंचीचं. उंची म्हणजे साठवलेला वेग. खाली झेप घेतली की तो परत मिळतो. मागे लागलेल्या विमानाच्या फार जवळ जायला लागलात तर त्याच्यापुढे निघून जाल आणि तोच तुमच्या मागे येईल. अशा वेळी नाक वर करायचं, थोडा वेग उंचीत टाकायचा आणि वरून पुन्हा त्याच्या शेपटीवर उतरायचं. हे मी वहीत आकृतीसह लिहिलं. बायकोने, वैशालीने, एकदा ती वही उघडली.

“अहो, हे काय, ऑफिसचं आहे?”

“नाही. विमानाचं.”

“कुठल्या विमानाचं?”

“नसलेल्या.”

तिने वही मिटून होती तिथे ठेवली. ती शाळेत शिक्षिका होती. मार्चमध्ये तिच्यापुढे पेपरांचे गठ्ठे असत, त्यामुळे माझ्यावर खर्च करायला तिच्याकडे फार वेळ नव्हता.

हरेश त्याच मार्चमध्ये आला. उरणच्या कोळीवाड्यातला. वडील नाखवा, घरची एक होडी. पण भाऊ दोन आणि होडी एक, म्हणून हा जासईच्या कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होता. आलेला कंटेनर, गेलेला कंटेनर, पाटीवर कागद लावून पेन्सिलीने लिहायचं. तोही चौकशीलाच आला होता. त्यानेही फी ऐकली आणि तोही गप्प बसला. मग माझ्या पडद्याकडे बघत उभा राहिला. मी त्या वेळी समुद्रावरून वळत होतो.

“वारा कुठून हाय?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “गेम आहे तो.”

“ते दिसतंय. पन खाली पान्यावर रेघा हायत ना. वारा असनारच.”

मी पान उघडून बघितलं. वारा होता. पश्चिमेचा, बारा नॉट. मी तो वहीत धरलाच नव्हता आणि दोन-तीन रविवार धावपट्टीच्या डावीकडे का आपटतोय याचं उत्तर शोधत होतो. मी त्याला शेजारची खुर्ची दिली.

सरांनी दोन मशिनं एका वायरने जोडली आणि आम्ही समोरासमोर खेळायला लागलो. पडदे वेगळे, पाठीला पाठ. खालच्या मेडिकल स्टोअरचे इक्बालभाई दुपारी दुकान बंद करून वर यायचे, ते आमचे प्रेक्षक आणि आमचे समालोचक. वयाने पन्नाशीचे, पांढरी टोपी, हातात चहाचा ग्लास. दोन्ही पडदे दिसतील अशा बेताने ते मध्ये स्टूल टाकून बसत.

हरेशचं खेळणं मला आवडत नसे. तो वही करत नसे. आकडे विचारले तर सांगत नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लढाई रंगात आली, की हा मध्येच तोंड फिरवून घरी निघे.

“अरे भाई, दुश्मन समोर अन् हा घरी चालला!” इक्बालभाई ओरडत. “हरेशमियाँ, घरी काय बिर्याणी ठेवलीय काय?”

“डिझेल संपत आलं.”

“अजून हजार पौंड आहे,” मी म्हणे. “घरी जायला पाचशे पुरतात. मी मोजलंय.”

“तुमी मोजा, वहीवाले. मी निगालो.”

एकदा चहा पिताना त्याने सांगितलं ते असं. त्याच्या वडिलांच्या होडीवर डिझेलची टाकी असे, आणि मागच्या बाजूला दोरीने बांधलेला एक निळा कॅन असे. तो परतीचा. जाताना कितीही लांब जा, मासळी दिसो, जाळं फाटो, बाजूच्या होडीला भरभरून लागो, टाकीत ठरलेल्या खुणेखाली गेलं की परत फिरायचं. आणि निळ्या कॅनला हात लावायचा नाही. तो मोजायचाच नाही.

“मोजायचा नाही म्हणजे?” मी विचारलं. “डिझेल आहे ना त्यात?”

“हाय. पन आपलं नाय ते.”

“मग कोणाचं?”

“घरच्यांचं,” हरेश म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला.

मला हे हिशोबाला धरून वाटलं नाही. जे आहे ते मोजलं पाहिजे. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो हसला. त्याच्या हसण्याचा मला तेव्हा राग यायचा, हे इथे लिहून टाकतो.

आता मूळ गोष्ट. एप्रिलमध्ये नवीन बॅच सुरू होणार होती आणि सरांच्या हातात एक मोफत जागा होती. सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. ती मी मागितली, हरेशनेही मागितली. दोघांनाही ती शोभेसाठी नको होती. आमच्या कारखान्यात तपासणीच्या नोंदी कॉम्प्युटरवर जाणार होत्या. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, ज्याला कॉम्प्युटर येतो तो तळोज्यात राहील, बाकीचे वापीच्या कारखान्यात. नवीन पनवेलमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. वैशालीची नोकरी इथे होती. वापी म्हणजे दोन बिऱ्हाडं. हरेशच्या यार्डातही मशीन येणार होतं आणि ठेकेदार म्हणाला होता, पेन्सिलवाले नकोत. त्याला मग होडीवर जावं लागलं असतं, आणि होडीवर तिसऱ्या माणसाला काम नव्हतं.

सर दोघांकडे आळीपाळीने बघत बसले. “आता मी काय करू? तुम्हीच ठरवा.”

“चिठ्ठी टाका,” इक्बालभाई म्हणाले.

मी नको म्हटलं. चिठ्ठीत योग्यता कुठे आहे? त्यापेक्षा खेळून ठरवू, सगळं खऱ्यावर ठेवून. हरेशने खांदे उडवले. “चालंल.” नियम मी लिहिले, सात. दोघांना इंधन सारखं, तीन हजार पौंड. दोघांचे तळ एकमेकांपासून चाळीस मैल लांब, सुरुवात मधोमध, म्हणजे प्रत्येकाला घर वीस मैल. सहाव्या नियमात लिहिलं की दुसऱ्याला पाडलं तरी ते आपण उतरल्यावरच धरायचं. आणि सातवा असा: जो आपल्या धावपट्टीवर उतरून थांबेल तो जिवंत, एकच जिवंत राहिला तर जिंकला तो. हा सातवा नियम माझा लाडका होता. विमान पाडून स्वतः समुद्रात पडणाऱ्याला विजयी म्हणणं हे मला तपासणी न करता माल पाठवण्यासारखं वाटे. नियम मोठ्याने वाचून दाखवले. तिघांनी ऐकले. खाली हरेशने सही केली, मी केली.

आणि मग मी घरी बसून डाव आखला. हरेशची सवय मला पाठ होती. हजार पौंडांवर तो पाठ फिरवणार म्हणजे फिरवणार. माझा परतीचा आकडा पाचशे. म्हणजे त्याने पाठ फिरवली त्या क्षणी माझ्याकडे पाचशे पौंड जास्तीचे असणार, आणि समोर पाठमोरं विमान. तोपर्यंत फक्त टिकायचं, गोळ्या राखायच्या. हा डाव चांगला होता. आजही मी त्याला चांगलाच म्हणेन.

त्या रविवारी दोनला सुरू केलं. एसीचा आवाज आणि इक्बालभाईंचा. आम्ही एकमेकांच्या बाजूने निघून गेलो, वळलो. मी साडेचारशेवर वळत होतो, अगदी वहीप्रमाणे. तिसऱ्या वळणाला मी त्याच्या आतल्या बाजूला आलो, फार जवळ जातोय असं दिसताच नाक वर केलं, वरून उतरलो. एकदा त्याने मला चुकवलं, एकदा मी त्याला. दहा मिनिटांत एकही गोळी सुटली नाही. इक्बालभाई चहा प्यायचे विसरले होते. माझं डोकं शांत होतं. काटा उतरत होता. दोन हजार. पंधराशे. बाराशे.

हजारावर त्याने पाठ फिरवली. अगदी घड्याळ लावल्यासारखी.

“निकला! निकला!” इक्बालभाई उठून उभे राहिले. “वहीवाले, आता सोडू नका!”

मी सोडलं नाही. माझ्याकडे एक हजार ऐंशी होते. आफ्टरबर्नर लावला. म्हणजे इंजिनामागे आणखी आग लावायची. विमान ढकलल्यासारखं पळतं आणि इंधन पाण्यासारखं पितं. अंतर कमी व्हायला लागलं. तेवढ्यात त्याने नाक खाली केलं आणि थेट पाण्याला लागला. मीही खाली गेलो. दोनशे फूट. लाटा दिसत होत्या. दोन मैल, दीड, एक. नेम धरला, पुढे धरला, बोट दाबलं. तो त्याच क्षणी वळला, थोडासाच. दोन सेकंद गेले. पुन्हा धरला. पुन्हा वळला. आणखी दोन. शेवटच्या सेकंदाला मी नीट थांबलो, श्वास धरला, दाबलं, आणि त्याच्या पंखामागे पाण्यात फवारे उडालेले मी डोळ्यांनी बघितले.

मग मी काट्याकडे बघितलं. तीनशे दहा.

घर किती लांब? वीस नव्हतं. बत्तीस होतं. बारा मैल मी त्याच्या मागे त्याच्या घराकडे आलो होतो, आणि पाठलागातला प्रत्येक मैल मला परत जायचा होता. शिवाय माझा पाचशेचा आकडा वीस हजार फुटांवरचा होता. वर हवा विरळ असते, विमान कमी पितं. खाली पाण्यालगत तेच विमान कितीतरी जास्त पितं. हे माझ्या वहीत अकराव्या पानावर होतं, माझ्या अक्षरात, तांबड्या शाईने खूण करून.

मी वळलो, आफ्टरबर्नर बंद केला, जमेल तेवढं सावकाश चढलो.

“त्याच्याच घरी उतरा ना,” इक्बालभाई हळू आवाजात म्हणाले. “जवळ पडेल.”

“आपल्या धावपट्टीवर,” मी म्हटलं. “नियम आहे.”

धावपट्टीच्या सहा मैल आधी इंजिन थांबलं. मी तीन हजार फुटांवर होतो. बंद विमान तेवढ्या उंचीवरून साधारण पाच मैल तरंगत जातं. म्हणजे एक मैल कमी. पाण्यात पडायच्या बऱ्याच आधी मला कळलं होतं की मी पडणार. धावपट्टीचे दिवे समोर स्पष्ट दिसत होते. मी शेवटपर्यंत उतार नीट धरला, एवढं मात्र खरं.

मागे वळून बघितलं तर हरेशचं विमान धावपट्टीवर उभं होतं आणि तो मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याच्या काट्यावर सहाशे होते.

आणि मग वाद सुरू झाला.

“हे काय जिंकणं झालं?” सर म्हणाले. “यांनी गोळी तरी मारली का एक? पळाले सरळ. रद्द करू. पुढच्या रविवारी पुन्हा खेळा.”

“सही बात,” इक्बालभाई म्हणाले. “लढला कोण? वहीवाले लढले.”

हरेश खुर्चीतून उठला नाही. त्याने माझ्याकडेही बघितलं नाही. पाटीवरच्या पेन्सिलीची सवय असलेला त्याचा अंगठा तो बोटावर घासत होता.

माझ्या मनात काही आलं नाही असं मी म्हणणार नाही. पुन्हा खेळलो असतो तर मी जिंकलो असतो. ही बढाई नाही, माझी चूक मला सापडली होती आणि सापडलेली चूक मी दुसऱ्यांदा करत नाही. समोर सगळं दिसत होतं: वापीची गाडी, वैशाली इथे एकटी, स्वयंपाकघरातल्या अजून न लागलेल्या फळ्या. फक्त गप्प बसायचं होतं. सरच बोलत होते, मला काही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती.

मी वही उघडली आणि सातवा नियम वाचला. माझा आवाज बरा लागला. “एकच जिवंत राहिला तर जिंकला तो. गोळी मारली पाहिजे असं यात कुठे नाही. मी लिहिलंय, मला माहीत आहे. जागा हरेशची.”

“अहो पण…” सर म्हणाले.

“तपासलेला माल आहे सर. परत घेता येत नाही.”

घरी आलो तेव्हा वैशाली पेपर तपासत होती. सगळं सांगितलं. तिने तांबडं पेन खाली ठेवलं.

“म्हणजे वापी?”

“बहुतेक.”

तिने समोरचा पेपर उलटून ठेवला. मग म्हणाली, “नियम तुम्हीच केलात ना? मग काही बोलता येत नाही.” आणि पुन्हा पेन उचलताना, “पण पुढच्या वेळी पाठलाग करताना घर कुठल्या बाजूला आहे ते बघत जा.” त्या रात्रीच्या आमटीत मीठ जास्त होतं. मी वाटी संपवली.

बुधवारी संध्याकाळी हरेश दारात उभा. हातात वर्तमानपत्रात बांधलेली सुकी मांदेली. आत आला, पाणी प्यायला, आणि बसल्या बसल्या म्हणाला, “वहीवाले, माज्या मशीनला खुर्च्या किती?”

“दोन.”

“दुसरीवर कोन बसनार?”

“ज्याने फी भरली तो.”

“बॅच अर्धी रिकामी हाय. पोरांच्या परीक्षा संपल्या, आता सगली मामाच्या गावाला. मी सरांना इचारलं. मी बोललो, दुसरी खुर्ची कुनाचीच नसंल तर याला बसू द्या. सर्टिफिकेट नको त्याला, नुसतं बसू द्या.”

“सर काय म्हणाले?”

“बोलले, एका मशीनला दोन मानसं ही तर आपली पद्धतच हाय.”

मी विचार केला. नियमाला बाध येत नव्हता. कोणाची जागा जात नव्हती. तरी विचारलं, “तू कशाला केलंस हे? तू जिंकला होतास.”

“सहाशे उरलं होतं ना माज्याकडं,” हरेश म्हणाला. “ते काय माजं एकट्याचं होतं?”

वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली, “भावजी, जेवून जायचं हं. मांदेली आत्ताच भाजते.”

सहा महिने आम्ही त्या मशीनवर शेजारी बसलो. तो टाइप करी, मी बघे; अर्ध्या तासाने बदलायचो. सर्टिफिकेटवर एकच नाव आलं, त्याचं. कारखान्यात मला सर्टिफिकेट कोणी विचारलंच नाही. साहेबांनी एक नोंदवही पुढे ठेवली आणि म्हणाले, हे मशीनवर करून दाखवा. मी करून दाखवलं. वापीला माझ्याऐवजी कोण गेलं ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

तेव्हाचं मशीन, तो गेम, ती वायर, काहीच राहिलं नाही. क्लासच्या जागी आता डोळ्यांचा दवाखाना आहे. आमच्या मुलीने मागच्या वर्षी तिच्या लॅपटॉपवर मला नवीन विमानांचा गेम दाखवला. लाटा, ढग, काचेवरचे थेंबसुद्धा खरे. मी आधी निवडीचं पान उघडायला सांगितलं. इंधन न संपणाऱ्यावर होतं. मी तिला म्हटलं, हे आधी बदल. ती म्हणाली, “बाबा, मग मजा काय?” मी तिला समजावलं नाही. तिची एकतीस विमानं अजून पाडून व्हायची आहेत.

माझी मतं फार बदललेली नाहीत. आकड्यांवर माझा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. त्या दुपारी आकडे चुकले नव्हते, ते सगळे वहीत बरोबर होते. मी कुठला आकडा कुठून काढला ते विसरलो होतो. आता मी स्कूटरचा रिझर्व्ह मोजत नाही. प्रवासाला निघताना घड्याळात जो वेळ दिसतो त्यातला अर्धा तास माझा नाही असं धरून चालतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नवीन मुलं हाताखाली आली, त्यांना मापं शिकवताना मी हेच सांगायचो, की भागाला जी सूट दिलेली असते ती वापरून संपवायची नसते.

हरेश दर मार्चमध्ये येतो. यार्डात वर चढत गेला, आता स्वतःच्या दोन गाड्या चालवतो. केस गेले, पोट आलं, बोलणं तेच. काल आला तो ताडगोळे घेऊन. आम्ही दोघं गच्चीवर बसलो, खाली फलकावरच्या कागदाला मान देऊन हळू आवाजात बोलत. ऊन उतरलं होतं. खाडीकडून वारा सुटला होता आणि गच्चीवरच्या दोऱ्या हलत होत्या.

पूर्वेकडून एक विमान आलं. उतरत होतं, एकोणिसाला एक. मी ताडगोळा हातात धरून बघत होतो. घरांच्या अगदी वर आलं, चाकं दिसली, आणि अचानक इंजिनाचा आवाज वाढला, नाक वर झालं आणि ते न उतरताच पुन्हा वर निघून गेलं. खाली कुणाची तरी खिडकी उघडली. माझ्या डोक्यात आपोआप हिशोब सुरू झाला: आता फेरी घ्यायला दहा मिनिटं, कदाचित पंधरा, वाऱ्याविरुद्ध वळण, वर चढण्याचा खर्च…

हरेशने ताडगोळ्याचं साल सोललं, फुंकर मारून बाजूला ठेवलं.

“खा रे वहीवाले,” तो म्हणाला. “निळा कॅन असंल त्याच्याकडं.”

मी खाल्ला. विमान कर्नाळ्याच्या सुळक्याच्या बाजूने लहान होत गेलं, वळलं, आणि बारा मिनिटांनी परत येऊन नीट उतरलं.